ड्रायव्हरमामांची गादी

इंदापूरहून आम्हा बायकांना लोणी देवकरच्या कंपनीत नेणारी बस ड्रायव्हरमामा चालवतात. आम्ही त्यांना नुसतं मामा म्हणतो. वाटेत थांबावं लागू नये म्हणून मामा पाणीच पीत नाहीत. डब्यात रोज भाकरी आणि ठेचा, बूड दिवसभर इंजिनाच्या धगीवर. त्यांच्या सीटवर आधी टॉवेलाची घडी आली, मग उशी, मग मधे भोक असलेली रबरी गादी. विचारलं की म्हणायचे, "सीट खराब हाय." मूळव्याध हा शब्द तोंडातून कधी निघाला नाही.

बाळंतपणानंतर मी कामावर परतले तेव्हा तेच दुखणं मलाही जडलं होतं. घरीसुद्धा बोलले नव्हते. मला एका अंगावर कलून बसलेलं मामांनी आरशात पाहिलं असावं. पुढच्या थांब्यावर ते उठून आले, गादी माझ्या सीटवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरी, पाणी पीत जा. अन् लवकर दाखव. मी लाजत बसलो, म्हणून वाढत गेलं."

मग प्रत्येक गतिरोधकाला मामा स्टिअरिंग धरून अर्धे उठत राहिले.

कंपनीच्या दारात मी गादी परत दिली. "मामा, रविवारी मी दवाखान्यात चाललेय. तुमी बी चला."

मामा "व्हय" म्हणाले, इतकं हळू, की इंजिन बंद होतं म्हणूनच ऐकू आलं.