झाडाखाली ठेवलेलं बाळ

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर सत्यभामाकाकू शेडगे पोरं सांभाळतात. पाळणाघराची पाटीबिटी काही नाही. जुईनगर स्टेशनावरून आया धावत येतात, दारातूनच "काकू, जेवली का?" म्हणून विचारतात, आणि काकू तोंड पुसून, पावडर लावून पोर हातात देतात. या बिल्डिंगमधली निम्मी कॉलेजला जाणारी पोरं त्यांच्याच झोळीत झोपलेली आहेत.

काकूंचं माहेर-सासर दोन्ही पाटणकडचं. धनाजीकाका वाशीच्या मार्केटात माथाडी होते. गोण्या वाहून त्यांची कंबर गेली आणि ते घरी बसले, तेव्हापासून काकूंनी पोरं घ्यायला सुरुवात केली. काकूंचा जीव मुळातच घाबरा. पोर जरा जास्त वेळ झोपलं की नाकाशी बोट धरून बघणार. कुणाची आई यायला उशीर झाला की दर दोन मिनिटांनी खिडकीशी. धनाजीकाका चिडवायचे, "आगं, पोरास्नी झोपू दे, नाहीतर तुज्या बोटानंच जागी व्हतील." पण त्या घाबरेपणावरच तर आया निर्धास्त ऑफिसला जायच्या.

तिसऱ्या मजल्यावरचा निशांतचा फ्लॅट तो पाहुण्यांना देतो. चार दिवस, आठ दिवस, भाड्याने. नवीन विमानतळ सुरू झाल्यापासून परदेशी लोक जास्त यायला लागलेत, काही स्टेडियममधल्या गाण्याच्या कार्यक्रमांना, काही खाडीवरचे फ्लेमिंगो बघायला. सोसायटीत त्यांच्याबद्दल बोलणं चालूच असतं. दुपारी दोन वाजता उन्हात फिरायला जातात म्हणे, घरात सावली असताना. जिना चढताना हसून हात हलवतात आणि दार लावून घेतात, कुणी चहाला बोलावलं तर घाबरल्यासारखे बघतात. आमच्या मीटिंगमध्ये यावर भांडणही झालंय. निशांतचं म्हणणं, "अहो, ते कुणाला त्रास देत नाहीत." त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "तरास न्हाई रं बाबा. पन आपल्या जिन्यात कोन राहतंय ते ठावं नको?"

फेब्रुवारीत डेन्मार्कचं एक जोडपं आलं. येन्स आणि किर्स्टन. सोबत सात महिन्यांची मुलगी, आल्मा. कापसाचं बोंड असावं तशी. येन्स पहाटेच भला मोठा कॅमेरा घेऊन खाडीवर जायचा तो दुपार उलटल्याशिवाय येत नसे. किर्स्टन बाळाला गाडीत घालून भाजीबाजारात फिरायची. तिथल्या भाजीवाल्या आल्माचे गाल ओढायच्या, कुणी हातात गाजर द्यायची, कुणी न विचारताच उचलून घ्यायची. किर्स्टन हसत उभी राहायची. मी पाहिलंय. मला वाटायचं, हिला राग कसा येत नाही!

तो गुरुवार होता. जेवणं झाली होती. काकूंकडची पोरं झोपली होती आणि धनाजीकाका त्यांच्यापाशी बसले होते, म्हणून काकू वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या बाजूला गेल्या. आमच्याकडे मागे बदामाचं झाड आहे, त्याखाली दोन बाकं. बाकाशेजारी बाळगाडी उभी. आत आल्मा झोपलेली, अंगावर पातळ चादर. आजूबाजूला माणूस नाही. वॉचमन सिताराम पंपरूममध्ये डबा खात होता.

काकूंनी हाक मारली, "आवं, पोर कुनाचं हाय?" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. ऊन सरकत बाळाच्या तोंडावर आलं होतं आणि भिंतीवर दोन मांजरं बसली होती. काकूंनी गाडी सावलीत घेतली आणि वाट बघितली. कुणीच येईना.

आता त्यांच्या मनात काय आलं ते सांगते, नाहीतर त्यांचं चुकलंच असं वाटेल. लग्न होऊन त्या नव्या आल्या तेव्हा तुर्भ्याला राहायच्या. एका सकाळी देवळाच्या पायरीवर फडक्यात गुंडाळलेली मुलगी सापडली होती. लोक घोळका करून बघत होते, उचलत कुणी नव्हतं. काकूंनी उचलली. पुढे पोलीस घेऊन गेले. ते ओझं त्यांच्या हातांना अजून आठवतं, असं त्या सांगतात. म्हणून एकटं पोर दिसलं की त्यांना दुसरं काही सुचत नाही.

त्यांनी आल्माला उचललं, छातीशी धरलं आणि पोर त्या परदेशी बाईचंच असणार म्हणून तिसऱ्या मजल्यावर चढल्या. निशांतच्या फ्लॅटची बेल वाजवली, दार ठोठावलं. आत किर्स्टन अंघोळ करत होती, तिला ऐकूच गेलं नाही. काकूंना वाटलं, घर रिकामं आहे. बाई पोर ठेवून निघून गेली. त्या खाली आल्या, घरात शिरल्या आणि धनाजीकाकांना म्हणाल्या, "बया पोर टाकून गेली वं."

"आसं कसं टाकल? फिरायला आल्यात ती मानसं."

"मग झाडाखाली ठेवून कुटं गेली? तुमीच सांगा!"

आल्मा जागी होऊन रडायला लागली. काकूंनी तिच्या टाळूवर तेल घातलं, गालावर काजळाची तीट लावली आणि झोळीत घातलं. झोका दिल्यावर पोर शांत झालं.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. दुपारची पोथी वाचायला घेतली होती तेवढ्यात किंकाळी ऐकली. अशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. गॅलरीत आले तर किर्स्टन रिकाम्या गाडीपाशी. केस ओले, पायात काही नाही. ती गाडीतली चादर उचलून बघत होती, पुन्हा ठेवत होती, पुन्हा उचलत होती. मग गेटकडे पळाली. सिताराम तिच्या मागे, हातात अर्धी चपाती. "मॅडम, मॅडम, क्या हुआ?"

पाच मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर निशांतचा मेसेज आला, तिसऱ्या मजल्यावरचं बाळ चोरीला गेलंय, गेट बंद करा. खाली माणसं जमली. कुणी म्हणालं भंगारवाली येऊन गेली, कुणी म्हणालं डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत काहीतरी होतं. कुणी पोलिसांना फोन लावला. मी देवापुढे हात जोडून खाली उतरले. जिन्यात समोरच्या दारातली अस्मिता भेटली. ती कंपनीचं काम घरून करते, तिची दोन वर्षांची जाई काकूंकडे असते. अस्मिता चप्पल न घालताच पळत होती. "मावशी, आधी जाईला बघते. काकूंचं दार उघडं असलं तर?"

दार बंद होतं. आतून कडी.

आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. काकूंनी बाहेर "पोर चोरलं" असं ऐकलं. तेव्हा कुठे त्यांना समजलं की आई इथेच आहे, आणि शोधतेय. धनाजीकाका म्हणाले, "उठ, दिऊन ये." काकू उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि कडी लावून परत फिरल्या.

"आता नेलं तर मलाच चोर म्हनत्याल."

"न्हाई नेलं तर काय सादू म्हनत्याल व्हय?"

"पोरं न्यायला येतील समदी. कोन ठेवल माज्याकडं?"

त्या झोळीच्या दोरीला धरून उभ्या राहिल्या. बाहेर जसजसा आवाज वाढत होता तसतसं दार उघडणं त्यांना अवघड होत होतं. धनाजीकाकांना उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो. ते भिंतीला धरून निघालेच होते. तेवढ्यात अस्मिताने बाहेरून दार वाजवलं, "काकू! जाई आत आहे ना? काकू, बोला ना!" अस्मिताच्या आवाजातली भीती काकूंनी ओळखली. रोज संध्याकाळी खिडकीशी उभ्या राहून त्या स्वतः ज्या भीतीने तडफडतात, तीच ती. त्यांनी कडी काढली.

त्या बाहेर आल्या तेव्हा जाई त्यांच्या पदराला धरून होती आणि आल्मा खांद्यावर. मग कुणीतरी मागून बोललं, "घ्या! घरातच होतं की!" दुसरा म्हणाला, "पोरं सांभाळते म्हणे." काकूंनी मान वर केली नाही. सरळ चालत किर्स्टनसमोर गेल्या आणि पोर पुढे केलं.

किर्स्टनने ओढूनच घेतलं. बाळाचे हात, पाय, पोट चाचपून बघितलं. गालावरची तीट दिसल्यावर तिला वाटलं जखम आहे. अंगठ्याने पुसली तर गालभर काळं झालं, आणि ती रडायला लागली.

पोलीस आले. एक हवालदार आणि एक महिला पोलीस. महिला पोलीस किर्स्टनला म्हणाली, "कंप्लेंट?" अस्मिता मधे उभी राहिली, इंग्रजीतून इकडचं तिकडे सांगायला. मी अस्मिताच्या तोंडाकडे बघत होते. जाईला तिने कडेवर घट्ट धरलं होतं आणि काकूंकडे ती बघत नव्हती.

"ती विचारतेय," अस्मिता म्हणाली, "तुम्ही बाळ का नेलं?"

काकू म्हणाल्या, "तिला म्हनावं, तू का ठेवलंस?"

किर्स्टन बराच वेळ बोलली. अस्मिता ऐकता ऐकता थांबली, पुन्हा विचारलं, मग आमच्याकडे वळली. "ती म्हणतेय, त्यांच्याकडे सगळीच बाळं अशी बाहेर झोपवतात. मोकळ्या हवेत. दुकानाबाहेर, अंगणात. बर्फ असला तरी."

"बर्फात?" सिताराम म्हणाला. "मर गया बच्चा!"

"मरत नाहीत. चांगलं झोपतात, म्हणतेय. ती वरून खिडकीतून बघत होती. अंघोळीला गेली तेवढंच. आणि म्हणतेय, बाजारात सगळ्यांनी बाळाला इतकं प्रेमाने घेतलं, की तिला वाटलं इथे घरच्यासारखंच आहे. इथे कशाला भ्यायचं?"

काकू बाकावर बसल्या. "आगं माजे आई," म्हणाल्या. "मला वाटलं, हिला पोर नकोय."

अस्मिताने हे किर्स्टनला सांगितलं. शब्द शोधत, हळू. काकूंना चोर समजणं किर्स्टनला कळत होतं. आपल्याला कुणी पोर टाकणारी समजेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिने मान हलवली. तक्रार नाही. पोलिसांनी नावं विचारली आणि गेले. ती आल्माला घेऊन वर गेली, आणि तिसऱ्या मजल्यावर दाराला आतून कडी लागल्याचा आवाज मला माझ्या घरात ऐकू आला. आधीचे चार दिवस तो कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आवरून दारात बसल्या. पोरं यायची वेळ झाली. पहिल्या मजल्यावरच्या सुनयनाने फोन केला की आज सुट्टी घेतलीय. दुसऱ्या एका आईने काहीच कळवलं नाही, आलीही नाही. काकूंनी रिकामी झोळी सोडली, घडी केली, पुन्हा बांधली. धनाजीकाका रेडिओ लावायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." मी उगीच देवाची फुलं आणायचं निमित्त करून दोनदा त्यांच्या दारावरून गेले.

मग जिन्यातून किर्स्टन उतरली, आल्मा कडेवर. दारात उभी राहून खुणेने विचारलं, आत येऊ का? काकू बाजूला झाल्या. तिला बघायचं होतं, बाळ कुठे होतं ते. झोळी बघितली, दोरी ओढून बघितली, वरच्या कडीकडे बघितलं. मग खाली सतरंजीवर बसली आणि आल्माला मांडीवर घेतलं. काकूंच्या हातात दिलं नाही. काकूंनीही मागितलं नाही. त्यांनी चहा ठेवला.

त्याच वेळी अस्मिता आली. आत परकी बाई बसलेली बघून उंबऱ्याशी थांबली. मला वाटतं ती रात्रभर विचार करत राहिली असणार. जाईने मात्र आईचा हात सोडला आणि धावत सतरंजीवर गेली. अस्मिता म्हणाली, "काकू, आज लवकर नेते हं. चारला." रोज ती सहाला नेते.

"ने की, बाई," काकू म्हणाल्या.

किर्स्टन-येन्स रविवारी गेले. महिनाभरात काकूंकडची बहुतेक पोरं परत आली. सुनयना मात्र आली नाही, तिने मुलाला नेरूळला दुसरीकडे ठेवलं. काकू त्याबद्दल काही बोलत नाहीत.

परवा आम्ही दोघी बाजारात गेलो होतो. मेथीच्या ढिगाऱ्यापाशी एक तीनेक वर्षांचं पोर रडत उभं होतं, एकटंच. काकू त्याच्यापाशी गेल्या. वाकल्या. मग सरळ झाल्या आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून मोठ्याने ओरडायला लागल्या, "पोर कुनाचं हाय? आवं, कुनाचं हाय ह्ये पोर?" पोर त्यांच्याकडे बघून हात वर करत होतं. मी म्हटलं, "काकू, घ्या ना उचलून." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तशाच उभ्या राहून ओरडत राहिल्या, त्याची आई येईपर्यंत.