बसून राहिलो

शामरावाचा मला राग यायचा तो त्याच्या पाठीमुळे. दुपारी जेवणाचा भोंगा झाला की तो काटा रिकामा करायचा आणि गोदामामागे, भिंतीकडे तोंड करून, पालथ्या टोपल्यावर बसायचा. मूर्ती नाही, माळ नाही. नुसती ती पाठ.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये तो कापूस मोजायचा, मी सौंसरहून आलेला मुनीम. हंगामात भोंगा नावालाच. गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची, आम्ही उभ्याउभ्या भाकरी गिळायचो. गाडीवान शिव्या द्यायचे, त्या मी खायच्या आणि हा बसलेला!

"शामरावभाऊ, तुमचा देव सांजेपर्यंत थांबत नाही का?" एकदा मी सगळ्यांसमोर विचारलं. लोक हसले.

"देव थांबते ना, बाबू. मलेच थांबता येत नाई. म्हणून तं बसून राहिलो."

आमच्याकडे 'बसून राहिलो' म्हणजे 'बसलो आहे', इतकंच. हे मला आईच्या दुधापासून माहीत.

"अन् देवाले उरलासुरला वेळ नोका देऊ," तो पुढे म्हणाला. "शिळं पाहुण्याले वाढतो का आपण?"

त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरला.

माघात कापसाच्या ढिगाला आग लागली. भोंगा झालेला होता. त्या वेळेत ढिगावर लक्ष ठेवणं माझं काम. मी फाटकाशी एका गाडीवानाशी भांडत होतो. ओरडा ऐकून शामराव धावला, ओलं पोतं घेऊन ढिगावर पडला. त्याचे दोन्ही तळहात भाजले.

मालक परप्रांतातले, त्यांना मराठी येत नसे. त्यांनी जबानी हिंदीत मागवली. शामरावाने सांगितलं, "आरडाओरडा झाला तवा मी बसून राहिलो होतो. मंग धावलो."

मी लिहिलं, "आग लगी, मैं बैठा रहा।" धावल्याचं लिहिलंच नाही. 'बैठा था' लिहायला किती शाई लागली असती?

हातांना पट्ट्या होत्या. उजव्या अंगठ्याचं टोक तेवढं उघडं होतं. ते शाईत बुडवण्याआधी त्याने विचारलं, "बराबर लिहिलं ना, बाबू?"

"बराबर."

त्याला काढून टाकलं. कागदावर काय लिहिलं होतं ते त्याला फाटकावर कळलं. तरी तो आत आला, माझ्या मेजापाशी उभा राहिला. मी मान वर केली नाही.

"जातो, बाबू. तुम्हीबी बसत जा थोडे. लय धावून राहिले."

टोमणा समजून मी दिवसभर जळत राहिलो. पुढे तो तिगावकडे मजुरीला जायचा असं ऐकलं. तिगाव काही लांब नाही. मी गेलो नाही. तो वारल्याचंही मला वर्षभराने कळलं.

तो टोमणा नव्हता, हे कळायला माझे केस पिकले. आता मी बसतो. दुपारी, कामातून उठून, भिंतीकडे तोंड करून. देवाचं नाव घ्यायच्या आत ऐकू येतं, "बराबर लिहिलं ना, बाबू?"

रोज 'नाही' म्हणतो. देवाचं नाव अजून राहिलंच आहे.