सात हिरवी पावलं

तानुबाईले मी लय बोललो. धुऱ्याले धुरा, म्हंजे बांधाले बांध, लागून असला का माणसाचं तोंड सुटतेच, पण तिले बोलाचा हक्क मले नव्हता.

पातूरच्या रस्त्यानं आमचं शिवार. तिचा मालक देवमन. त्यानं कार्तिकात लसूणघास पेरला अन् आठव्या दिवशी छातीत कळ येऊन गेला. धडधाकट माणूस! मांगं तानुबाई, दोन गायी अन् दहा गुंठे घास. तिचं सारं दुधावर. हा घास एकदा पेरला का तीन वर्षं कापाले येते, पण पयलं वर्ष सांभाळलं तरच.

तिनं सांभाळलं. वाकून वाकून तण उपटे, दर आठव्या दिवशी पाणी देये. पाणी देता देता मधातच थांबे अन् म्हणे, "नत्थूभाऊ, ते खोकलले." देवमन बसे त्या मोटरीजवळ तं कोणीच नसे. भर दुपारी माह्या अंगावर काटा येये.

पेरणीच्या दिवशी शेवटच्या वाफ्यात देवमन ओल्यातूनच चालत गेल्ता. पाय रुतले, पाण्यासंगं बी त्या खड्ड्यायत जमा झालं, अन् तिथं घास उगवला तो दाट, त्याच्या पावलायच्या आकाराचा. सात पावलं. डावं जरा बाहेरच्या अंगानं, तो चाले तसंच.

दोन महिन्यानं पयली कापणी आली. बुडापासून चार बोटं ठेवून तिनं सारा घास कापला. ती सात पावलं सोडली.

"काहून सोडलं वं?"

"तिथं विळा चालत नाही, भाऊ."

माघात तिसऱ्या पावलावर पिवळा दोरा दिसला. अमरवेल! तिले ना मूळ, ना पान. घासाले गुंडाळते अन् त्याचाच रस पिऊन त्याले मारते. तुटका तुकडा पडला तरी पुन्हा धरते. फुलावर यायच्या आंधी तेवढा घास कापून जागेवरच जाळा लागते, दुसरा इलाज नाही. म्या तिले तसं सांगतलं. तिनं मान हालवली अन् काहीच केलं नाही.

आठ दिवसानं पाह्यतो तं पाच पावलं पिवळी.

"याडी झाली का तू?" मी धुऱ्यावरूनच वरडलो. "माणूस तं गेला, आता गायी उपाशी मारतं का?"

"तेवढेच उरले ते मले," ती बोल्ली. मंग म्या घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माह्या दारात उभी. "भाऊ, काडीपेटी घेऊन चाला. माह्यानं एकटीनं होत नाही."

तिनं स्वतःच्या हातानं सातही पावलं कापली. एकही दोरा बाहेर पडू देला नाही. वरून कपाशीची वाळली पऱ्हाटी टाकली. मंग तिथंच बसली अन् जमिनीले हात लावून देवमनले म्हणे, "माफ करा जी मले. तुमी सांगतलं होतं, बी मिठाच्या पाण्यात धू, वर येते ते फेकून दे. म्या घाईत तसंच देलं. माह्याच पायी झालं हे."

बी माह्या घरचं होतं.

गेल्या साली माह्या वावरात हाच पिवळा दोरा होता. म्या गुपचूप जाळला अन् कोणाले सांगतलं नाही. देवमन बियाणं मांगाले आला तं म्हणलं, ने गड्या, एकदम साफ आहे. ती रडून राह्यली होती, तरी म्या तिले हे सांगतलं नाही. म्या वाकून काडी लावली.

घास वाचला. जळलेल्या जागी तिनं नवं बी धुवून टाकलं, आता वाफा सारखा दिसते. गायी दूध देऊन राह्यल्या.

परवा तानुबाई म्हणे, "भाऊ, आताशा त्यायचा खोकला आयकू येत नाही."

म्या हो म्हणलं. तिले काय सांगू? तो खोकला आता माह्या धुऱ्याच्या अलीकडून येते. रोज येते.