दोन शिपाई, मध्ये निशाण

शेजारच्या गोगटेकाकांची दृष्टी गेली, पण जुन्या नाण्यांचा नाद काही सुटला नाही. मलाही नाण्यांतलं थोडं कळतं, म्हणून परवा काकू त्यांना हात धरून माझ्याकडे घेऊन आल्या. "हे एवढं एक ओळखायचं राहिलंय," म्हणत काकांनी नखाएवढं काशाचं रोमन नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.

खिडकीतल्या तिरप्या उन्हात मी ते फिरवत राहिलो. राजाचा चेहरा, नाव, सगळंच झिजलेलं. ज्यानं आपली मुद्रा देशोदेशी धाडली, त्याला भाजी-तेल घेणाऱ्या साध्या बोटांनी हळूहळू पुसून टाकलं होतं. मागची बाजू मात्र थोडी उरली होती.

"काका, समोरासमोर दोन शिपाई आहेत, मध्ये निशाण. रोमच्या उतरत्या काळातलं नाणं. राजा कोणता, ते मात्र नाही सांगता येत."

मी त्यांचं बोट निशाणावर टेकवलं. ते चाचपत राहिले आणि एकदम हसले. "अरे, डोळे होते तेव्हा मी याला झाड समजत होतो! उलटं धरायचो."

काकू म्हणाल्या, "झालं ना मनासारखं? चला आता."

"थांब गं, दुसरा शिपाई अजून सापडायचाय."