आधी काय तुटलं

२००८ साली, एका गुरुवारी दादा वारला. त्यानं चहा घेतला, चपला पायात घातल्या आणि उंबऱ्यावर बसला. वहिनीनं विचारलं, "काय झालं?" दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

मी त्याचा धाकटा भाऊ. त्यानंतर कितीतरी दिवस मला कुणाचं बोलणं नीट ऐकूच येत नव्हतं.

आमच्याकडे माणूस गेला की भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, "कसं झालं?" आणि घरच्यांनी पहिल्यापासून सांगायचं असतं. वहिनी चपलांपासून सुरू करायची. हुपरीची आत्या तिला मध्येच तोडायची. "चपलांचं न्हवं गं. गेल्या म्हयन्यातल्या लग्नात जेवला न्हाय, तवाच मी म्हटलेलं." गडहिंग्लजचे मामा त्याच्याही मागे जायचे. "दिवाळीत जिना चढताना दम लागलाता की त्याला. तुमचं ध्यान कुठं हुतं?"

एकदा सगळे गेल्यावर वहिनीनं मला विचारलं, "भाऊजी, ते माझ्यासमोर सुरू झालं, की आधीच झालंतं? मला कळाय पायजे हुतं काय?"

दादाही जन्मभर असल्याच प्रश्नावर भांडत होता.

तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. सूर्याकडून येणारा कणांचा वारा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ताणत नेतो. ताण साठत जातो, आणि अचानक सुटतो. मग ध्रुवांकडच्या आकाशात प्रकाश उसळतो. पण सुरुवात कुठं होते? दादा म्हणायचा, पृथ्वीजवळ. तिथला विद्युतप्रवाह आधी विस्कटतो. दुसरे शास्त्रज्ञ म्हणायचे, लांब शेपटीत चुंबकीय क्षेत्राच्या रेषा आधी तुटतात आणि नव्यानं जोडल्या जातात. त्यानं तो प्रकाश कधी पाहिला नव्हता. कोल्हापुरातून कुठला दिसणार? वहिनी चिडवायची, "आपल्या गल्लीतली लाईट कशानं जाती ते सांगा की आधी. मग ध्रुवावरची बघा."

त्याच वर्षी, तो गेल्यानंतर, वाचनालयात पेपर चाळताना त्याच वादाबद्दलची बातमी दिसली. पाच उपग्रहांनी एका ओळीत राहून हे सगळं टिपलं होतं. आधी लांब, चंद्राच्या वाटेवर साधारण एक तृतीयांश अंतरावर, रेषा तुटल्या. मग ध्रुवावर प्रकाश उसळला. पृथ्वीजवळचा बिघाड सगळ्यात शेवटी. मी पेपर हातात धरून उभाच राहिलो. मागच्या माणसानं "पावणं, वाचून झालं असंल तर द्या की हिकडं" म्हटलं, तेव्हा भानावर आलो.

घरी येऊन वहिनीला सांगितलं.

"म्हणजे हे हरले?"

"हरला."

ती हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. मग स्वतःच दचकली आणि तोंडाला पदर लावला. पदराआडूनच म्हणाली, "म्हणजे जवळ दिसतं ते शेवटचं."

"तिकडं आकाशात तसं आहे," मी म्हणालो. दादाचं काय, ते मला माहीत नव्हतं, आणि तिला खोटं सांगणं जमलं नाही.

पुढच्या रविवारी वारणानगरहून त्याचा जुना मित्र आला. त्यानंही विचारलं, "वहिनी, कसं झालं?" तिनं चहा पुढं ठेवला. "ठाऊक नाही," ती म्हणाली. आत्या तिथंच होती. तीही काही बोलली नाही.

आता कुणी विचारत नाही. त्या शोधावर काही शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. दादाच्या चपला दाराशी आहेत.