साठ तीन

पोरगी दुसरीत गेली त्या जूनमध्ये शाळेत गणिताचं नवं पुस्तक आलं, पाऊस मात्र आला नाही. पुस्तकातून त्रेसष्ट गायब होतं. त्याच्या जागी साठ तीन. जसं लिहायचं तसंच बोलायचं, म्हणजे मुलं गोंधळत नाहीत, असं मॅडमनी पालकसभेत सांगितलं. बजाजनगरातले निम्मे बाप भांडायलाच उठले. मी मात्र हात वर करून म्हटलं, मला पटतंय. लहानपणी मी त्रेसष्ट ऐकून छत्तीस लिहायचे आणि छडी खायचे. माझ्या पोरीच्या वाट्याला ते नको होतं.

घरी सासरे. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली आणि ती विसाविसांनी मोजली. गावाकडं चारा संपला तेव्हा कळप विकून आमच्या दोन खोल्यांत आले होते.

"साठ तीन? आमी तीन ईसा अन् तीन म्हणायचो," ते हसून म्हणाले.

"मामा, तिला दुसरं काही शिकवू नका. शाळेत सांगतात तेच बरोबर," मी ठणकावलं. पोरगी ऐकत होती.

गल्लीत चार दिवसांनी टँकर यायचा. हाणामाऱ्या व्हायला लागल्या म्हणून टँकरवाल्यानं नंबराच्या चिठ्ठ्या काढल्या. नंबर पुकारला आणि कुणी पुढं आलं नाही, की पाइप पुढच्याच्या ड्रममध्ये. त्या दिवशी नवरा कंपनीत होता, सासरे तापानं फणफणले होते. त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या म्हणून मी पोरीलाच ड्रमपाशी बसवलं. चिठ्ठीवर ६३ होतं.

मी खाली आले तेव्हा टँकर निघून गेला होता आणि आमचा ड्रम कोरडा ठणठणीत.

"लई वेळ त्रेसष्ट त्रेसष्ट वरडत व्हता तो," शेजारीण म्हणाली. "ही नुसती बघत बसली."

"मम्मी, ते साठ तीन म्हणलेच नाय. मी नीट ऐकत होते."

ती रडत नव्हती, अगदी खात्रीनं सांगत होती. त्या खात्रीचाच मला राग आला आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. लगेच स्वतःचीच लाज वाटली. पण घरात आजारी माणूस आणि चार दिवस पाणी नाही.

संध्याकाळी मी तिच्याकडून एकवीस ते नव्याण्णव घोकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात त्रेसष्ट म्हटलं, मॅडमनी ते साठ तीन करायला लावलं. मॅडमशी कुठल्या तोंडानं भांडणार? सभेत हात वर करणारी मीच. सासऱ्यांना ठणकावणारीही मीच. मी पुरती अडकले होते, आणि माझ्यासोबत पोरीलाही अडकवलं होतं. मग मीच तोड काढली: शाळेत शाळेतलं म्हण, घरात घरातलं.

काही दिवसांनी गारखेड्याहून नणंद आली. तिनं पोरीला जवळ घेऊन सहज विचारलं, "किती वर्षांची झालीस गं?"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "मम्मी, शाळेतलं सांगू का घरातलं?"

सातला दोन नावं नसतात, मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, पण सात काही म्हणाली नाही.