राजाच्या तलावावर चाललेला इस्तारी

लढाईत जखमींचे स्ट्रेचर उचलायला इस्तारी फौजेच्या दवाखान्याबरोबर कोरियाला गेला आणि चोपन्न साली नागभीडच्या स्टेशनवर उतरला तो तिकडचा राजा होऊनच. आमच्या ढिवरमोहल्ल्यात असा बढाईखोर आधी झाला नव्हता, पुढे होऊ नये.

तोंड उघडलं की राजधानी सेऊल. तिथल्या जुन्या राजांचा महाल, रंगीत खांब, कडेला वर वळलेली कौलं, रिकामं सिंहासन. "मी त्याच्यावर बसून पाह्यलो," म्हणायचा. बसला असेल. रिकाम्या जागी कुत्रंही बसतं. महालातल्या तलावात दगडी खांबांवर बैठक होती म्हणे, आणि थंडीनं पाणी असं गोठलेलं की हा बूट घालून त्यावरून चालत गेला. चांद्याचा गोंडराजांचा कोट त्याला आता कोंडवाडा वाटायचा.

वैशाखात आमचा तलाव आटत आला की सगळा मोहल्ला मिळून जाळं ओढतो. ज्या घरचं कोणीच पाण्यात उतरत नाही, त्या घराचा तलावावरचा हक्क कायमचा जातो. इस्तारीला हे लहानपणापासून ठाऊक. तरी त्या दिवशी हा तलावाच्या पाळीवर, कोरड्या बांधावर, बूट घालून उभा, उंटावरून शेळ्या हाकत.

"इस्तारी, उतर," मोहल्ल्याचा म्हातारा मुखिया मनसाराम म्हणाला.

"चिखलात? मनसारामभाऊ, मी राजाच्या तलावावर चाललो, पाय ओला झाला नाई."

"तिथलं पाणी गोटा झालं होतं. इथी पाणीच हाये. बूट काढ."

त्यानं काढले नाहीत. सेऊल पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्याच्या तोंडात गाळ कोंबावा असं मला वाटलं.

तेवढ्यात त्याची आई गोकुळाबाई, गुडघे धरलेली बाई, लुगडं खोचून पाण्यात शिरली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाळ्याची दोरी धरून उभी राहिली. तिला परत जा असं कोणी म्हटलं नाही. ती उतरली नसती तर घराचा हक्क गेला असता. पाळीवरचे महाराज तेव्हा सिंहासनापाशी पोचले होते, त्यांना आई दिसलीच नाही.

संध्याकाळी पळसाच्या पानांवर वाटे लागले. इस्तारीनं वाकून आपल्या घरची मरळ उचलली.

"ठेव," मनसाराम म्हणाला. "हे गोकुळाबाईचं हाये."

"अन् माया वाटा?"

"तो सेऊलच्या तलावात असंन. जा चालत."

सगळे हसले. गोकुळाबाई हसली नाही. पायांचा चिखल निपटत तिनं विचारलं, "बाबू, त्या महालात राजाची माय कुठी राहे रे?"

सेऊलबद्दल इस्तारी पहिल्यांदाच म्हणाला, "मले मालूम नाई."